सल्ला: स्कीच्या गाभ्यात काय असावं?

पत्र: मी चार हंगाम भाड्याच्या स्की वापरल्या, मिळून पन्नासेक दिवस. मागच्या वर्षी एक जुनी जोडी विकत घेतली. तिच्यात फोमचा गाभा होता. हंगामाच्या शेवटी डाव्या स्कीवरच्या बाइंडिंगचे (बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या खटक्याचे) पुढचे दोन स्क्रू आट्यांसकट उपटून आले. आता नवी जोडी घ्यायची आहे आणि तीन पर्याय समोर आहेत. तिन्ही १८० सेंटिमीटर लांब आणि कमरेला, म्हणजे मधल्या अरुंद भागात, ९६ मिलिमीटर रुंद. पहिली पॉलोनिया लाकूड आणि कार्बनची, एका स्कीचं वजन १३५० ग्रॅम. दुसरी पॉप्लर आणि बीच या लाकडांची, धातू नाही, १८०० ग्रॅम. तिसरी पॉप्लर आणि ॲश या लाकडांची, टिटानल या धातूचे दोन पत्रे, २१५० ग्रॅम. माझं वजन ७८ किलो. दहातले सात दिवस लिफ्टने वर जातो, तीन दिवस स्किन (चढताना स्की मागे घसरू न देणाऱ्या, तळाला लावायच्या पट्ट्या) लावून चढतो. एक मित्र म्हणतो हलकी घे, दुसरा म्हणतो हलकी वर्षभरात मोडेल. गाभ्याने खरंच एवढा फरक पडतो का? आणि त्या जुन्या जोडीचं काय करू?

उत्तर: दुसरी जोडी घ्या. सात-तीनचं प्रमाण उलटं असतं, म्हणजे चढाईचेच दिवस जास्त असते, तर पहिलीचा विचार करायला सांगितलं असतं. तिसरी वाईट नाही, पण ती घेऊन चढाईचे तीन दिवस तुम्हाला जड जातील. जुन्या जोडीवर पुन्हा उतारावर जाऊ नका. तिच्याबद्दल शेवटी सविस्तर लिहिलं आहे.

आता कारणं. गाभ्याने फरक पडतो, पण तुमचे दोन्ही मित्र ज्या जागी तो शोधतायत तिथे कमी आणि स्क्रूच्या भोकांपाशी जास्त.

एखादी जाड वही हातात धरून वाकवून बघा. पानं एकमेकांवरून सरकतात आणि वही सहज वाकते. तीच पानं डिंकाने एकमेकांना चिकटवली तर तीच वही पुठ्ठ्यासारखी ताठ होते. स्कीचं तंत्र हेच आहे. खालून वर गेलं तर आधी घसरणारा प्लास्टिकचा तळ आणि त्याच्या दोन बाजूंना पोलादी कडा, मग फायबरग्लासचा थर, मग गाभा, पुन्हा फायबरग्लास, आणि सगळ्यात वर रंगीत आवरण. धातू असेल तर त्याचे पत्रे फायबरग्लासच्या जोडीने बसतात. हे सगळं इपॉक्सी या कडक होणाऱ्या डिंकाने चिकटवून तापवलेल्या साच्यात दाबतात. स्की वाकते तेव्हा तिच्या एका अंगाचा थर ताणला जातो आणि दुसऱ्या अंगाचा आवळला जातो. बरीचशी ताकद या दोन थरांची असते. गाभ्याचं काम म्हणजे या दोघांमधलं अंतर राखणं, त्यांना एकमेकांवरून सरकू न देणं, बुटाखालचा दाब झेलणं आणि बाइंडिंगचे स्क्रू धरून ठेवणं.

अंतर राखण्याचं काम वाटतं त्यापेक्षा फार मोठं आहे. स्कीची जाडी फक्त १० टक्क्यांनी वाढवली तर ताठपणा २० ते ३० टक्क्यांनी वाढतो. म्हणून बनवणारे गाभ्याला बारीक हिशेबाने रंधा मारतात. पायाखाली तो १० ते १२ मिलिमीटर असतो आणि टोकांकडे उतरत जाऊन २ मिलिमीटरच्या आसपास येतो. याच कारणाने ‘पॉलोनिया मऊ, म्हणून स्की मऊ’ हे म्हणणं चूक ठरतं. मऊ लाकडाचा गाभा जरा जाड ठेवला की ताठपणा भरून निघतो. दुकानात हाताने वाकवून बघाल तेव्हा हलकी आणि जड स्की सारख्याच ताठ लागू शकतात. त्या परीक्षेत लाकूड ओळखता येत नाही.

वजनाचा हिशेब मात्र सरळ आहे आणि तो प्रत्येकाने एकदा करून बघावा. तुमच्या मापाच्या स्कीत गाभा साधारण १.२ लिटर जागा व्यापतो. एक घनमीटर सुकं ॲश सुमारे ६८० किलो भरतं, बीच ७१० किलो, पॉप्लर ४३० किलो, पॉलोनिया २८० किलो आणि बाल्सा १५० किलो. झाडागणिक हे आकडे थोडे मागेपुढे होतात. म्हणजे गाभा पूर्ण ॲशचा केला तर एका स्कीत ८१५ ग्रॅम लाकूड जातं, पॉप्लरचा केला तर ५१५, पॉलोनियाचा केला तर ३३५ ग्रॅम. टिटानलचा अर्धा मिलिमीटर जाडीचा एक पत्रा जवळजवळ २४५ ग्रॅम भरतो, दोन पत्रे ४९० ग्रॅम.

हे आकडे तुमच्या तीन जोड्यांवर लावा. दुसरी आणि तिसरी यांच्यात ३५० ग्रॅमचा फरक आहे. तो धातूनेच भरून निघतो, लाकडाचा त्यात फारसा हात नाही. पहिली आणि दुसरी यांच्यात फरक ४५० ग्रॅमचा आहे. दुसरीत पॉप्लरसोबत थोडं बीच आहे असं धरलं तरी लाकडामुळे त्यातले २०० ते २५० ग्रॅमच कमी झालेत. मग उरलेले २०० ग्रॅम गेले कुठे? फायबरग्लास पातळ करून त्याच्या जागी कार्बन घातला, तळ पातळ केला, पोलादी कडा बारीक केल्या, साइडवॉल, म्हणजे गाभ्याच्या बाजूची भिंत, अरुंद केली. जोडी किती टिकणार हे मोठ्या प्रमाणावर याच ठिकाणी ठरतं. जाड कडेला दर हंगामात कानस मारली तरी ती वर्षानुवर्षं पुरते, बारीक कड काही घासण्यांतच संपते. दगडावर आपटली तर पातळ तळ थेट गाभ्यापर्यंत फाटतो. हलकी स्की लवकर गेली की लोक दोष लाकडाला देतात. दुकानदाराला विचारताना गाभ्याबरोबर तळाची जाडी आणि कडेची जाडीही विचारा. हे दोन आकडे क्वचितच कुणी विचारतं.

लाकूड इतकी वर्षं टिकून का आहे, तेही बघू. लाकडाचे रेषे लांबीच्या दिशेने धावतात आणि स्कीवर ताणही मुख्यतः त्याच दिशेने येतो. पेशींच्या भिंती कंप शोषतात. हजारो वेळा वाकूनही ते जवळजवळ तसंच राहतं. गाभ्यासाठी अखंड फळी वापरत नाहीत. एक ते दोन सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या उभ्या करून शेजारी शेजारी चिकटवतात. अखंड फळी ओलाव्याने पीळ धरते आणि एखादी गाठ असेल तर बरोबर तिथेच मोडते. पट्ट्यांमध्ये दोष वाटला जातो, शिवाय वाढीच्या रेषा एकाआड एक उलट ठेवता येतात. चिकटवण्याआधी लाकडातला ओलावा ६ ते ८ टक्क्यांवर आणावा लागतो. तो जास्त राहिला तर गरम साच्यात वाफ होते आणि इपॉक्सीच्या जोडात बुडबुडे राहतात.

पट्ट्यांच्या या रचनेमुळे एकाच गाभ्यात दोन-तीन झाडं एकत्र नांदू शकतात, आणि आमच्या मते चांगल्या स्कीची खूण तीच. बहुतेक रुंदीत पॉप्लर किंवा पॉलोनियासारखं हलकं लाकूड, आणि कडांच्या लगत व बाइंडिंगखाली बीच, ॲश किंवा मेपलच्या पट्ट्या. कड दगडावर आपटते तेव्हा तो ठोसा कडेकडून साइडवॉलमध्ये आणि तिथून गाभ्याच्या बाहेरच्या पट्टीत जातो. ती पट्टी पॉलोनियाची असेल तर चेपते, थर सुटायला तिथूनच सुरुवात होते. तिथे बीच असेल तर बऱ्याचदा फक्त कडेला खाच पडते. बांबूही चांगला, लवचीक आणि चिवट. पण दाबून केलेला बांबू ॲशच्या जवळपास जड असतो, त्यामुळे ‘बांबू म्हणजे हलका’ असं समजू नका. आणखी एक घोटाळा नावात आहे. युरोपात पॉप्लर म्हणतात ते झाड वेगळं आणि अमेरिकेत यलो पॉप्लर म्हणून विकतात ते त्या कुळातलंच नाही. दोन्ही गाभ्याला चालतात, वजन मात्र एकसारखं धरू नये.

तुमची जोडी फोमची निघाली म्हणून सगळ्या फोमला एका तागडीत टाकू नका. स्वस्त स्कीत पॉलियुरेथेन फोम असतो. दोन द्रव साच्यात सोडले की ते फुगून जागा भरतात आणि थरांना चिकटतात. मुलांच्या आणि अगदी नवशिक्यांच्या स्कीला ते पुरतं, कारण अंगाचं वजन आणि वेग दोन्ही कमी. ७८ किलोचा माणूस जोरात वळतो तेव्हा त्या फोमचे बुडबुडे बुटाखाली हळूहळू चिरडले जातात. स्की एका दिवसात मोडत नाही. ती ढिली पडत जाते, तिची कमान (मधे किंचित वर उचललेला बाक) सपाट होते, आणि ज्या वळणावर आधी कड धरत होती तिथे आता घसरते. याउलट पीव्हीसी किंवा पीएमआय जातीचे कडक फोम अतिहलक्या चढाईच्या स्कीत कार्बनसोबत वापरतात. थरांना एकमेकांवरून सरकवणारा ताण ते बरा झेलतात, महाग असतात, आणि बाइंडिंगखाली त्यांनाही वेगळी घट्ट फळी लागतेच.

मधमाशीच्या पोळ्यासारख्या पोकळ जाळीचा गाभा सगळ्यात हलका. ॲल्युमिनियमची जाळी किंवा ॲरामिड या चिवट धाग्याचा कागद वापरतात. सपाट दाब ती छान झेलते. एका बिंदूवर ठोसा बसला की मात्र पोळ्याच्या भिंती दुमडतात आणि परत उभ्या राहत नाहीत. हॉवर्ड हेड या अमेरिकी विमान अभियंत्याने १९४० च्या दशकाच्या शेवटी ॲल्युमिनियमच्या पत्र्यांमध्ये प्लास्टिकची अशी जाळी घालून स्की केल्या होत्या. विमानात चालणारी ही रचना बर्फावर टिकली नाही, त्या स्की मोडल्या. पुढे त्याने जाळी काढून प्लायवूडचा गाभा घातला आणि १९५० मध्ये ती धातूची स्की बाजारात आली.

टिटानलबद्दल दोन गैरसमज आहेत. नावावरून टायटॅनियम वाटतं, पण ते जस्त, मॅग्नेशियम आणि तांबं मिसळलेलं ॲल्युमिनियम आहे. दुसरं, धातू कंप शोषतो असं म्हणतात, प्रत्यक्षात ॲल्युमिनियम स्वतः फारच कमी शोषतं. वाजवलं तर घंटेसारखं वाजतं. शांतपणा येतो तो पत्र्याच्या वजनाने आणि पत्र्यालगत लावलेल्या रबराच्या पातळ थराने. तो रबर आणखी एक काम करतो. तापमान बदललं की ॲल्युमिनियम फायबरग्लासपेक्षा जवळपास दुप्पट पसरतं-आकसतं, आणि ती ओढाताण रबर सामावून घेतो. रबर नीट चिकटला नसेल तर पत्र्याच्या कडेपासून थर उघडायला लागतात. धातूची एक उणीव लक्षात ठेवा. लाकूड आणि फायबरग्लास वाकून परत सरळ होतात किंवा सरळ मोडतात. पत्रा मर्यादेपलीकडे वाकला की वाकलेलाच राहतो, आणि अशी स्की कुठलाही कारागीर पूर्वीसारखी करू शकत नाही.

आता हे सगळं पायाखाली कसं जाणवतं. ताठपणा सारखा ठेवून वजन २१५० वरून १३५० ग्रॅमवर आणलं तर स्की सुमारे २६ टक्के जास्त वेगाने थरथरते. तुडवलेल्या, ढेकळं झालेल्या बर्फात जड स्की ढेकूळ फोडून पुढे जाते, हलकी त्याच्यावरून उडते आणि प्रत्येक उडी तुमच्या गुडघ्याला सावरावी लागते. कार्बन इथे मदत करत नाही. त्याच्यात ताठपणा भरपूर, पण कंप शोषण्याची ताकद कमी. मऊ, ताज्या बर्फात मात्र हा फरक जवळपास नाहीसा होतो, तिथे हलकी स्की सुखाची. वजन कुठे आहे यालाही महत्त्व आहे. स्की फिरवायला लागणारा जोर अंतराच्या वर्गाने वाढतो. पायापासून ८० सेंटिमीटरवर ठेवलेले १०० ग्रॅम हे २० सेंटिमीटरवर ठेवलेल्या १०० ग्रॅमपेक्षा सोळा पट जड लागतात. म्हणून काही स्की काट्यावर जड असूनही चपळ वाटतात, कारण त्यांची टोकं हलकी केलेली असतात. दुकानात स्की मधोमध धरून मनगटाने डावी-उजवी फिरवून बघा, लगेच कळतं.

चढाईच्या तीन दिवसांसाठी वेगळी वाट सुचवतो. पहिली आणि दुसरी जोडी यांच्यात दोन्ही पाय मिळून ९०० ग्रॅमचा फरक आहे. तुमच्या अंगाच्या आणि सामानाच्या एकूण वजनात तो जेमतेम एक टक्का. पण पायावरचं वजन प्रत्येक पावलाला पुढे ढकलावं लागतं, त्यामुळे पाठीवरच्या तेवढ्याच वजनापेक्षा ते कितीतरी जास्त दमवतं. ते कमी करावं हे खरं, फक्त ते गाभ्यातूनच करायला हवं असं नाही. चौकटीचं चढाईचं बाइंडिंग (ज्यात टाच उचलली की बुटाखालची अख्खी चौकट सोबत उचलली जाते) एका पायाला किलोच्या वर जातं, पिनांचं बाइंडिंग (बुटाचं टोक पिनांनी धरणारं) ३०० ते ६०० ग्रॅममध्ये मिळतं. बुटाला पिनांच्या खोबणी असतील तर दुसरी जोडी आणि हलकं बाइंडिंग हा मेळ पहिल्या जोडीवर चौकटीचं बाइंडिंग चढवण्यापेक्षा हलका पडतो आणि उतारावर जास्त शांत चालतो. मात्र पिनांची सगळीच बाइंडिंग रोज लिफ्टने सात-आठ फेऱ्या मारायला बनवलेली नसतात. बनवणाऱ्याने त्या वापरासाठी दिलेलंच निवडा.

बाइंडिंगपाशी आलो आहोत तर स्क्रूंचा विषय नीट घेऊ. तुमचं नुकसान तिथेच झालं, आणि गाभ्याची खरी परीक्षा तिथेच होते.

बाइंडिंगचा स्क्रू सुमारे साडेपाच मिलिमीटर जाड असतो आणि स्कीत ९ मिलिमीटर खोल जातो. पुढे झोक गेला की टाचेचे स्क्रू सरळ वर खेचले जातात, मागे झोक गेला की पंजाचे. त्या ओढीला वरचा फायबरग्लासचा किंवा धातूचा थर आणि त्याखालचे काही मिलिमीटर लाकूड मिळून तोंड देतात. पॉलोनिया ॲशपेक्षा चार पटींहून जास्त मऊ आहे, म्हणून नुसत्या पॉलोनियात आटे कमकुवत बसतात. चांगले बनवणारे तिथे कडक लाकडाची फळी, जादा फायबरग्लास किंवा धातूचा तुकडा घालतात. हलकी स्की घेणाऱ्या प्रत्येकाने हा एकच प्रश्न विचारावा: बाइंडिंगच्या खाली काय घातलं आहे, आणि ते किती लांबीपर्यंत आहे? उत्तर मिळालं नाही तर ती स्की घेऊ नये. पिनांच्या बाइंडिंगमध्ये स्क्रू बऱ्याचदा जवळजवळ असतात आणि प्रत्येकावरची ओढ वाढते, तेव्हा तर हा प्रश्न दुप्पट महत्त्वाचा.

ड्रिलचं माप बहुधा स्कीवरच छापलेलं असतं. धातू नसलेल्या स्कीला ३.६ मिलिमीटर, धातू असलेलीला ४.१ मिलिमीटर, खोली ९ मिलिमीटर. यात उलटापालट झाली तर काय होतं ते ऐका. धातूच्या स्कीत ३.६ चं भोक केलं तर स्क्रू पत्र्याला वर उचलतो, भोकाभोवती फुगवटा येतो आणि बाइंडिंग सपाट बसत नाही. मऊ लाकडात ४.१ चं भोक केलं तर आट्यांना पकडायला लाकूडच उरत नाही. स्क्रू सुरुवातीला घट्ट वाटतो, तिसऱ्या-चौथ्या पडण्यात ढिला होतो. खोलीला अडवणारा टप्पा असलेलंच ड्रिल वापरा, नाहीतर टोक तळापर्यंत जाऊन खाली फोड उठतो. धातू असेल तर भोकाच्या तोंडाला हलकी उतरण द्या आणि आटे पाडायचा टॅप फिरवा. लाकडी गाभ्याला साधा पाण्यावर आधारित सुतारी डिंक पुरतो. तो स्क्रू सरकवायला मदत करतो आणि सुकल्यावर पाणी अडवतो. पॉलोनिया, फोम किंवा जाळीच्या गाभ्याला हळू घट्ट होणारं इपॉक्सी वापरा आणि २० अंश तापमानात २४ तास हात लावू नका. पुढेमागे तो स्क्रू काढायचा झाला तर त्याच्या डोक्यावर गरम सोल्डरिंग आयर्न काही सेकंद टेकवा, इपॉक्सी मऊ होतं. शेवटचे फेरे नेहमी हाताने, तिसऱ्या नंबरच्या पॉझीड्राइव्ह (चौफुली टोकाच्या) पेचकसाने द्या. विजेच्या पेचकसाने मऊ लाकडातले आटे अर्ध्या फेऱ्यात सोलले जातात आणि ते कळतही नाही. बाइंडिंग किती जोराला सुटावं हा आकडा मात्र प्रशिक्षित तंत्रज्ञाकडूनच लावून आणि यंत्रावर तपासून घ्या.

‘वुड कोअर’ असा शब्द स्कीवर छापलेला असला तरी आत काय आहे याची त्याने खात्री होत नाही. मधे एक पट्टी लाकडाची आणि दोन्ही बाजूंना फोम असलेल्या स्कीवरही तो दिसतो. ओळखायच्या दोन सोप्या रीती आहेत. एक, स्की वजन करून तिच्या क्षेत्रफळाने भागा. तुमच्या मापात सरासरी रुंदी १०.८ सेंटिमीटर धरली तर पहिली जोडी चौरस सेंटिमीटरला ०.६९ ग्रॅम, दुसरी ०.९३ आणि तिसरी १.११ ग्रॅम पडते. वेगळ्या लांबी-रुंदीच्या स्कींची तुलना याच आकड्याने करा, नुसत्या वजनाने फसगत होते. दोन, बाइंडिंग बसवताना ड्रिलमधून काय बाहेर येतं ते बघा. लाकडाची कुरळी साल निघते, पॉलियुरेथेनचा पिवळसर भुगा पडतो, धातूच्या चमकत्या चकत्या निघतात. तंत्रज्ञाला तो चुरा टाकू नका म्हणून आधीच सांगून ठेवा.

जुनी जोडी घेणाऱ्यांसाठी आणखी थोडं. दोन्ही स्की तळाला तळ लावून धरा. मधे कमानीची फट दिसली पाहिजे आणि दोन्हींत सारखी. एकीची फट सपाट झाली असेल तर तिचा गाभा थकला आहे. मग पूर्ण लांबीवर बोटाच्या पेराने टकटक करत जा. आवाज एकाएकी पोकळ झाला तर तिथे थर सुटलेले आहेत. साइडवॉलची चीर आणि बाइंडिंगची जुनी उघडी भोकं नीट बघा. पाणी तिथून शिरतं, लाकूड फुगतं, ते पाणी गोठून पसरतं आणि थर आतून उचकटतो.

आता तुमची जुनी डावी स्की. पुढचे दोन्ही स्क्रू एकदम आणि आट्यांसकट निघाले म्हणजे दोनपैकी एक गोष्ट झाली आहे. एकतर आतली आधाराची फळी फोमपासून सुटली आहे, किंवा ती मुळातच नव्हती. दोन्हींत त्या भोकात इपॉक्सी भरून उपयोग नाही, कारण इपॉक्सीला चिकटायला बळकट काही शिल्लक नाही. बाइंडिंगचा पुढचा भाग उतारावर निघून आला तर गुडघा जाईल. उजवीचं आयुष्यही तेवढंच झालं आहे, तीही वापरू नका. कडांना कानस लावणं, तळाची खाच भरणं, मेण चढवणं हे शिकायला ही जोडी उत्तम आहे. बाइंडिंग काढून ठेवा. बनवणाऱ्याच्या दुरुस्तीच्या यादीत ती अजून असली आणि तपासणीत उतरली तरच दुसरीकडे वापरा.

लाकडी गाभ्यात एखाद्याच स्क्रूचे आटे गेले तर दुरुस्ती होते. पुढे कधी उपयोगी पडेल म्हणून सांगतो. बाइंडिंग काढा, स्की भोकं खाली करून कोमट खोलीत दोन-तीन दिवस सुकू द्या. केस सुकवायचं यंत्र जवळून मारू नका, थरांमधलं इपॉक्सी नरम पडतं. सैल चुरा टाचणीने काढा. आधी इपॉक्सीचे दोन-तीन थेंब तसेच सोडून लाकडाला पिऊ द्या. मग त्याच इपॉक्सीत स्टील वूलचे बारीक तुकडे किंवा चिरलेला काचधागा मिसळून भोक दाबून भरा. २४ तासांनी वरचा भाग समपातळीत घासा आणि पुन्हा ४.१ मिलिमीटरचं भोक पाडा. ३.६ चं नको, कारण इपॉक्सी लाकडापेक्षा कडक असतं आणि त्यात स्क्रू अडकून तुटू शकतो. टॅप फिरवा, मग स्क्रू बसवा. बाइंडिंगची जागाच बदलणार असाल तर नव्या भोकाचं केंद्र जुन्यापासून निदान १ सेंटिमीटर दूर ठेवा आणि जुनं भोक प्लास्टिकची खुंटी आणि डिंक घालून बंद करा.

नवी जोडी आल्यावर मेण लावताना इस्त्री सतत पुढे सरकती ठेवा, टोकांकडे तर जास्तच, कारण तिथे तळ आणि वरच्या आवरणामध्ये जेमतेम काही मिलिमीटर असतात. दिवस संपला की कडा पुसा आणि स्की ओल्या पिशवीत रात्रभर ठेवू नका. तळाला खाच पडून आत लाकूड दिसलं तर त्याच दिवशी थांबा. ती जागा सुकवून भरल्याशिवाय दुसऱ्या दिवशी बर्फावर नेऊ नका. हंगाम संपल्यावर तळाला मेणाचा जाड थर देऊन कोरड्या जागी ठेवा, आणि दोन स्की मधोमध पट्ट्याने घट्ट आवळू नका. महिनोन्महिने आवळलेली कमान सपाट होऊ लागते.

खरेदीला जाताना दुसऱ्या जोडीबद्दल तीन गोष्टी विचारून लिहून घ्या: बीचच्या पट्ट्या कुठे आहेत, कडांलगत आणि बाइंडिंगखाली की नुसत्या मधे, कडेची आणि तळाची जाडी किती, ड्रिलचं माप कोणतं छापलं आहे. बीच नुसतं मधल्या एका पट्टीत असेल तर तुमच्या वजनाला ती जोडी नको. तेव्हा त्याच वजनाची, पण कडांलगत कडक लाकूड असलेली वेगळी जोडी शोधा.